वरून पडणारी अक्षरं : ब्राउझरमधल्या पहिल्या खेळासाठी कोणती भाषा घ्यावी?

पाटी_पेन्सिल
प्रोग्रामिंगचा अनुभव शून्य धरा. संगणक साधा, ४ जीबी रॅमचा. खेळ असा करायचा आहे : वरून मराठी अक्षरं पडतात, खाली टोपली डावी-उजवीकडे सरकते, नेमून दिलेल्या शब्दाची अक्षरं क्रमाने झेलायची. चुकीचं अक्षर झेललं की एक जीव गेला. लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हींवर ब्राउझरमध्ये चालायला हवा, काही उतरवून घ्यायला लागू नये.
पायथन, जावास्क्रिप्ट, सी-शार्प या भाषा, आणि गोडो हे खेळ बनवण्याचं इंजिन, अशी नावं वाचली. नवशिक्याने यातलं काय धरावं, आणि का? ‘का’ जास्त महत्त्वाचं आहे.

तिठा
जावास्क्रिप्ट. ब्राउझरला थेट कळणारी भाषा तीच आहे, बाकी सगळ्यांना दुभाषा लागतो.

रानजाई
तिठा, उत्तर एका ओळीत संपवू नका. नवशिक्यासाठी मी पायथनच सांगेन. सीबीएसईला अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये तीच आहे, त्यामुळे अडलं तर शेजारीपाजारी विचारायला कोणीतरी मिळतं. पायथनमध्ये ‘५’ हा मजकूर आणि १ हा आकडा यांची बेरीज केली, तर ती तिथेच थांबते आणि चूक दाखवते. जावास्क्रिप्ट निमूटपणे ५१ करून पुढे जाते, आणि तीच वजाबाकी केली तर ४ देते. शिकणाऱ्याला चूक लगेच दिसणं फार मोलाचं असतं.
ब्राउझरसाठी पायगेम (पायथनमध्ये खेळ लिहायची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) आणि पायगबॅग (तो खेळ ब्राउझरमध्ये चालवणारं साधन) आहे. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायच्या खिडकीत) पायगबॅग आणि फोल्डरचं नाव दिलं की स्थानिक सर्व्हर उभा राहतो, खेळ ८००० क्रमांकाच्या पोर्टवर दिसतो.

कौलारू
पायगबॅग चालतं, पण रानजाई, त्याच्या अटीही सांगायला हव्यात. मुख्य फाइलचं नाव मेन-डॉट-पीवाय हेच लागतं. खेळाचं चक्र, म्हणजे क्षणोक्षणी पुन्हा चालणारा भाग, एसिंक (मध्येच थांबून ब्राउझरला काम करू देणाऱ्या) फंक्शनमध्ये ठेवावं लागतं आणि प्रत्येक फेरीत एकदा ‘अवेट एसिंकआयओ.स्लीप(०)’ लिहावं लागतं. ही ओळ राहिली तर ब्राउझरला पडदा रंगवायला उसंतच मिळत नाही, टॅब गोठतो, आणि चूक दाखवणारा संदेशही येत नाही. शिवाय खेळाची फाइल दहा किलोबाइटची असली तरी आधी आख्खा पायथन वेबअसेंब्लीच्या (ब्राउझरला चालवता येणाऱ्या यंत्रसंकेताच्या) रूपात उतरतो, म्हणजे काही मेगाबाइट. मोबाइलवर ते जाणवतं.
एसिंक म्हणजे काय हे पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावं लागत असेल, तर सोपेपणाचा मुद्दा तिथेच कमी होतो.

सह्यवारा
गोडोचं नाव आलंय म्हणून : त्याची भाषा जीडीस्क्रिप्ट पायथनसारखीच दिसते, टोपली-अक्षर यांची टक्कर पडद्यावर चौकोन काढून ठरवता येते, ध्वनी, ॲनिमेशन सगळं आत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ४.३ पासून एकाच थ्रेडवर (कामाच्या धाग्यावर) चालणारी वेब निर्यात परत मिळाली, ही मोठी सोय. त्याआधीच्या ४.० ते ४.२ मध्ये सर्व्हरने दोन खास हेडर (पानासोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचना) दिल्याशिवाय खेळ सुरूच व्हायचा नाही, आणि गिटहब पेजेसवर (वेबपानं प्रकाशित करायच्या सेवेवर) स्वतःचे हेडर लावता येत नाहीत.
तोटा आकाराचा. रिकामा प्रकल्पसुद्धा पूर्ण इंजिन बरोबर नेतो. चार-पाच टप्प्यांचा मोठा खेळ करायचा असेल तर गोडो घ्याच. एका पडद्याच्या खेळासाठी मात्र हे जड होतं, विशेषतः ४ जीबीच्या मशीनवर.

निरांजन
सगळे भाषांबद्दल बोलताहेत, पण मूळ प्रश्नात एक शब्द आहे तो कोणी उचलला नाही : *मराठी अक्षरं*. या खेळात निवड तिथेच ठरते.
देवनागरी पडद्यावर काढणं म्हणजे एकापुढे एक चित्रं ठेवणं नव्हे. ‘कि’ मध्ये वेलांटी साठवली जाते क च्या नंतर, दिसते आधी. ‘र्क’ मध्ये र पहिला टंकला तरी रफार होऊन डोक्यावर चढतो. ही जुळणी करणारं यंत्र प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीपासून बसलेलं आहे. कॅनव्हासवर (पानातल्या चित्र काढायच्या चौकटीवर) मजकूर काढणाऱ्या फिलटेक्स्टला ‘विद्यार्थी’ दिलं की विद्यार्थीच उमटतं, एक ओळ जास्त लिहावी लागत नाही. ब्राउझरबाहेरून आणलेल्या इंजिनाला हे काम स्वतः करावं लागतं, आणि सगळी करत नाहीत.
गोडो ४ करतं, गोडो ३ करत नव्हतं. पण गोडो ४ मध्येही एक फट आहे. वेबवर त्याला संगणकातले फॉन्ट वापरता येत नाहीत, आणि त्याच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. संपादकात अक्षरं छान दिसतात, निर्यात केल्यावर चौकोनी डबे. नोटो सान्स देवनागरीची टीटीएफ फाइल प्रकल्पात टाकून तोच फॉन्ट नेमावा लागतो.
युनिटी या सी-शार्पवाल्या इंजिनात मजकूर काढणारं टेक्स्टमेशप्रो ही जुळणी करत नाही. ‘किती’ लिहिलं की पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते.

कौलारू
निरांजन, हा मुद्दा लाखमोलाचा. वाचनखूण साठवली.

उंबरठा
पाटी_पेन्सिल, आता जावास्क्रिप्टच धरून सांगतो. नवशिक्याच्या अशा खेळात सर्वात आधी बिघडतो तो वेग.
रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम हे फंक्शन पडदा दर वेळी ताजा होताना आपलं फंक्शन बोलावतं. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा ताजे होतात. म्हणून लोक ‘दर फ्रेमला २ पिक्सेल खाली’ असं लिहितात. ६० वर ते सेकंदाला १२० पिक्सेल होतं, ६४० पिक्सेल उंचीच्या कॅनव्हासवर अक्षर साधारण ५.३ सेकंदांत खाली येतं. तोच खेळ १४४ हर्ट्झच्या पडद्यावर उघडा : सेकंदाला २८८ पिक्सेल, अक्षर २.२ सेकंदांत खाली. खेळणारा म्हणतो, खेळ फार अवघड आहे.
उपाय : फंक्शनला मिलिसेकंदांत वेळ मिळते. तिच्यातून मागच्या फ्रेमची वेळ वजा करा, हजाराने भागा, आणि वेग (१२०) गुणिले तो सेकंदांतला फरक एवढं अक्षर सरकवा.
यातली दुसरी अडचण लगेच मागे येते. टॅब बदलला की हे फंक्शन थांबतं. दहा सेकंदांनी परत आलात की फरक १० येतो आणि सगळी अक्षरं १२०० पिक्सेल खाली, म्हणजे टोपलीच्याही पलीकडे. म्हणून फरक ०.०५ पेक्षा मोठा आला तर ०.०५ च धरा. एका वेळी जास्तीत जास्त ६ पिक्सेलची उडी, ३० पिक्सेल उंचीची टोपली चुकत नाही.

तिठा
उंबरठा यांना पुरवणी. नवीन अक्षर सोडायला सेटइंटरव्हल (ठरावीक वेळाने फंक्शन बोलावणारी सोय) वापरू नका. टॅब मागे गेला तरी ते चालू राहतं, फक्त मंदावतं. चक्र थांबलेलं, अक्षरं तयार होताहेत, आणि परत आल्यावर वीस अक्षरांचा गठ्ठा एकदम कोसळतो. चक्रातच एक मोजणी ठेवा : फरक मिळवत जा, १.५ झाली की अक्षर सोडा आणि मोजणीतून १.५ वजा करा.
आणि पडून गेलेली अक्षरं यादीतून काढताना यादी शेवटाकडून सुरुवातीकडे फिरा. पुढून फिरताना एक काढलं की मागचं त्याच्या जागी सरकतं आणि तपासायचं राहून जातं. दोन अक्षरं एकत्र टोपलीत पडली की त्या फेरीत एकच मोजलं जातं, ते यामुळेच.

मोरपीस
सरळ फेझर ही खेळांची लायब्ररी का नाही? २०१३ पासून आहे, जावास्क्रिप्टच आहे, टक्कर, ध्वनी, चित्रं लोड करणं सगळं तयार. वरच्या अर्ध्या अडचणी त्याने आधीच सोडवल्यात.

निरांजन
मोरपीस, फेझर चांगलंच आहे, दुसऱ्या खेळाला मी तेच सुचवेन. पण या खेळात एक अडचण येते. फेझर ३ चं टेक्स्ट मजकूर एका लपलेल्या कॅनव्हासवर काढून घेतं, आणि त्याची उंची रोमन अक्षरांच्या नमुन्यावरून मोजतं. देवनागरीत ‘र्थी’ वर चढतं, ‘क्रू’ खाली उतरतं, आणि दोन्ही टोकं छाटली जातात. वर-खाली पॅडिंग द्या किंवा मोजणीच्या नमुन्यात ‘र्थीक्रू’ असा मजकूर द्या. बिटमॅप टेक्स्ट तर देवनागरीसाठी वापरूच नका, तिथे अक्षरं एकेक चित्र म्हणून ठेवली जातात, जुळणी होत नाही.
शिवाय इथे टक्कर म्हणजे दोन चौकोन एकमेकांवर आलेत का, एवढंच. चार तुलना. त्यासाठी लायब्ररी नको.

घुंगुरवाळा
अवांतर विचारतो : चलांची (व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवायच्या जागांची) नावं मराठीत देता येतात का? ‘वेग’, ‘टोपली’, ‘जीव’?

रानजाई
येतात, दोन्ही भाषांत. आकडे मात्र रोमनच लिहावे लागतात. एक गमतीचा फरक : पायथनच्या इंटला (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला) ‘१२’ हा देवनागरी मजकूर दिला तर तो बारा समजतो. जावास्क्रिप्टचं तसंच फंक्शन नंबर ‘हा आकडाच नाही’ असं उत्तर देतं.

निरांजन
नावात ‘ऱ्य’ आलं तर मात्र सांभाळा. ‘दुसऱ्या’ दोन प्रकारे टंकलं जातं : एक नुक्त्याचा ऱ वापरून, दुसरं साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला सारखंच. जावास्क्रिप्टच्या लेखी ती दोन वेगळी चलं, आणि पायथन तर त्या अदृश्य चिन्हालाच अडतो. साध्या शब्दांची नावं ठेवा, ‘वेग’ उत्तम.

सह्यवारा
घुंगुरवाळा, मराठी नावांनी शिकणाऱ्याला एक फायदा होतो. कुठला शब्द भाषेचा आणि कुठला आपला, हे नजरेलाच कळतं.

पाटी_पेन्सिल
खूपच उपयोगी. आता अडलेलं विचारतो. शब्दाची अक्षरं सुटी कशी करायची? ‘शिक्षक’ तोडला तर सहा तुकडे आले, त्यात एक नुसती वेलांटी आणि एक नुसता हलन्त.

निरांजन
ते सहा तुकडे युनिकोडचे (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे) : श, ि, क, ्, ष, क. आपल्या कानाला अक्षरं तीनच : शि, क्ष, क. ‘विद्यार्थी’ची लांबी जावास्क्रिप्ट १० सांगते, अक्षरं तीन. आणि नुसती वेलांटी कॅनव्हासवर काढली तर ती ठिपक्यांच्या वर्तुळासह दिसते, म्हणून तुकडे तसेच सोडता येत नाहीत.
ब्राउझरमध्येच असलेलं, मजकूर तोडणारं इंटल.सेगमेंटर वापरा, भाषा मराठी, प्रकार ‘ग्राफीम’ (म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारं अक्षर). वेगळी लायब्ररी लागत नाही. क्रोममध्ये ते २०२० पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२४ मध्ये आलं. एक काळजी घ्या : जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्यामुळे जुन्या ब्राउझरमध्ये ‘क्ष’ चे क् आणि ष असे दोन भाग मिळू शकतात. त्यावर उतारा सोपा : मिळालेला तुकडा हलन्ताने संपत असेल आणि पुढे तुकडा असेल, तर दोन्ही जोडा. मग नव्या-जुन्या दोन्हींवर क्ष शाबूत.
शब्दांची यादी कुठून उचलली तर वर सांगितलेला ‘ऱ्य’ इथेही आडवा येतो. झेललेलं आणि हवं असलेलं अक्षर डोळ्यांना एकच, तुलना मात्र चूक, आणि जीव जातो. यादी वाचतानाच र, हलन्त, जोडचिन्ह हा क्रम शोधून त्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त घाला, आणि नॉर्मलाइझही (एकच अक्षर एकाच रूपात आणणारं फंक्शन) चालवा. नुसत्या नॉर्मलाइझने भागत नाही, ते त्या जोडचिन्हाला हात लावत नाही. ‘ॲ’ चंही तसंच : काही जण अ ला जोडचिन्ह लावून वर चंद्र काढतात.

उंबरठा
फॉन्टबद्दलही सांगून टाकतो, कारण सुरुवातीची दोन-तीन अक्षरं वेगळ्याच वळणाची पडतात ही ठरलेली तक्रार. वेबवरून घेतलेला फॉन्ट, समजा मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता, नुसता सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) लिहून उतरत नाही. पानावर कुठेतरी वापरला गेल्यावर उतरतो, आणि कॅनव्हासवर पहिलं अक्षर काढेपर्यंत तो आलेलाच नसतो. डॉक्युमेंट.फॉन्ट्स.लोड ने तो आधी मागवा आणि येईपर्यंत अवेट करा. त्याला दुसरा घटक म्हणून ‘क’ द्यायला विसरू नका. तो दिला नाही तर फक्त रिकाम्या जागेपुरती तपासणी होते. गूगल फॉन्ट्सवर रोमन आणि देवनागरी भाग वेगळ्या फाइलींत असतात, त्यामुळे रोमन भाग येतो आणि देवनागरी तसाच राहतो.
मोबाइलवर शिरोरेषा धुरकट दिसली तर कॅनव्हासची रुंदी-उंची डिव्हाइसपिक्सेलरेशोने (सीएसएसच्या एका पिक्सेलमागे पडद्याचे खरे पिक्सेल किती, त्या आकड्याने) गुणा, सीएसएसमधली मापं मूळचीच ठेवा, आणि त्या *नंतर* स्केल लावा. क्रम उलटा केला तर उपयोग नाही, कारण रुंदी बदलली की कॅनव्हास आधीचं स्केल विसरतो.

कौलारू
कळफलकाचं राहिलं. ए आणि डी ने टोपली हलवायची असेल, तर इव्हेंटचा (बटण दाबल्याच्या सूचनेचा) ‘की’ तपासू नका, ‘कोड’ तपासा. ‘की’ म्हणजे उमटलेलं अक्षर, ‘कोड’ म्हणजे बटणाची जागा. मराठी खेळ खेळणाऱ्याचा कळफलक इनस्क्रिप्टवर (देवनागरी टंकायच्या मांडणीवर) असण्याची शक्यता भरपूर. तेव्हा ‘की’ मध्ये देवनागरी चिन्ह येतं आणि टोपली ढिम्म हलत नाही.
बटण दाबलं तेव्हाच सरकवू नका, कारण धरून ठेवल्यावर आधी एक झटका, मग थोडा थांबा, मग भराभर असं होतं. कोणती बटणं दाबलेली आहेत त्याची नोंद ठेवा, कीडाउनला घाला, कीअपला काढा, आणि टोपली चक्रात सरकवा. खिडकीवरचं लक्ष गेलं, म्हणजे ‘ब्लर’ झालं, की नोंद रिकामी करा. नाहीतर कीअप चुकतं आणि टोपली आपोआप एका बाजूला पळत राहते.
मोबाइलला पॉइंटर इव्हेंट्स (बोटाची हालचाल कळवणाऱ्या सूचना), आणि कॅनव्हासला टच-ॲक्शन ‘नन’, म्हणजे बोटाबरोबर पान सरकणार नाही.

मोरपीस
टाइपस्क्रिप्टचं (प्रकार तपासणाऱ्या जावास्क्रिप्टचं) कोणी नाव घेत नाही? रानजाईंनी सांगितलेली ‘५१’ ची चूक त्यात बरीचशी आधीच पकडली जाते.

तिठा
पकडली जाते, पण ब्राउझर टाइपस्क्रिप्ट तशीच चालवत नाही, मध्ये बांधणीची, म्हणजे तिची जावास्क्रिप्ट करण्याची, पायरी येते. पहिल्या खेळात ‘फाइल जतन केली, पान ताजं केलं, बदल दिसला’ एवढंच चक्र असावं. मधला मार्ग : जावास्क्रिप्ट फाइलच्या पहिल्या ओळीत टिप्पणी म्हणून ‘@टीएस-चेक’ (मूळ रोमनमध्ये) लिहा. व्हीएस कोड हा संपादक तेवढ्यावर प्रकारांच्या चुका तांबड्या रेघेने दाखवायला लागतो. बांधणी नको.
‘५१’ सर्वात जास्त छळते ती उच्चांकात. ब्राउझरमधली साठवण, लोकलस्टोरेज, सगळं मजकूर म्हणून ठेवतं, आणि मजकूर म्हणून ९ हा १० पेक्षा मोठा. वाचताना नंबर करून घ्या. गुण दाखवताना टूलोकेलस्ट्रिंगला मराठीचा संकेत दिला की देवनागरी आकडे मिळतात.

रानजाई
या खेळापुरतं मान्य, भाषा जावास्क्रिप्टच घ्या. निरांजन यांचा मुद्दा निर्णायक आहे. पण तुलनेला कायम तीन बरोबर-चिन्हं (म्हणजे मजकूर आणि आकडा सारखे धरले जात नाहीत), आणि एफ१२ ची कन्सोल (ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी) पहिल्या दिवसापासून उघडी ठेवा. पायथन जी चूक तोंडावर सांगते, ती जावास्क्रिप्टमध्ये कन्सोलवर शोधावी लागते.
पायथन यातही वाया जाणार नाही : शब्दांची यादी साफ करणं, ‘ऱ्य’ एकसारखे करणं, जेसन (माहिती साठवायच्या मजकुराची) फाइल बनवणं हे तिच्यात करा. आणि ती यादी जावास्क्रिप्टच्या फेचने (फाइल मागवणाऱ्या फंक्शनने) वाचायची तर एचटीएमएल फाइलवर दोनदा क्लिक करून चालणार नाही, ब्राउझर अडवतो. त्या फोल्डरमध्ये ‘पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००’ चालवा (आज्ञा रोमनमध्ये).

सह्यवारा
प्रकाशित करताना : इच.आयओवर (खेळ प्रकाशित करायच्या संकेतस्थळावर) झिप चढवायची तर इंडेक्स.एचटीएमएल झिपच्या मुळाशी हवी, आतल्या फोल्डरमध्ये नको. तिथे आणि गिटहब पेजेसवरही फाइलच्या नावातली लहान-मोठी रोमन लिपी वेगळी धरली जाते. विंडोजवर चालणारं टोपलीचं चित्र तिथे गायब झालं, तर आधी नावाचा शेवट मोठ्या लिपीतल्या पीएनजीचा आहे का ते पाहा. ध्वनी मात्र ‘सुरू करा’ या बटणानंतरच चालू करा, खेळणाऱ्याने एकदा स्पर्श केल्याशिवाय ब्राउझर आवाज काढू देत नाही.

पाटी_पेन्सिल
ठरलं : साधी जावास्क्रिप्ट, कॅनव्हास, लायब्ररी नाही. सर्वांचे आभार. शेवटचं एक : हव्या अक्षराबरोबर चुकीची अक्षरं कोणती सोडावीत? अख्ख्या बाराखडीतून कोणतंही उचललं तर हवं ते येईपर्यंत वाट पाहावी लागेल.

निरांजन
हवं असलेलं अक्षर दर तीन-चारांत एकदा यायलाच हवं. सलग तीन दुसरी पडली की चौथं तेच सोडा, नशिबावर ठेवू नका.
बाकीची बाराखडीतून न घेता त्याच्या जवळपासची घ्या : ‘शि’ हवं असेल तर शी, षि, सि. ‘द्या’ असेल तर ध्या, द्य, घा. अशी मोजकी गटवारी हाताने करा, सुरुवातीला दहा शब्दांपुरतीच. शि आणि शी एकाच वेळी पडताना ऱ्हस्व-दीर्घ ओळखून झेलायचं, खेळाची खरी रंगत तिथे आहे. त्यासाठी अक्षर ४८ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, मोबाइलवर दोन्ही वेलांट्या सारख्याच दिसायला लागतात.